कुत्र्यांनी मेंढरं फाडली तर: पहिल्या तासापासून महिनाभर काय करायचं

कुत्री हाकलली, मेलेली मोजली, बाकीची उठून उभी राहिली की आता निभावलं असं वाटतं. छोट्या कळपात मोठं नुकसान मात्र बऱ्याचदा पुढच्या आठवड्यात होतं. दातांची भोकं लोकरीखाली झाकलेली असतात. मेंढी दोन-तीन दिवस कळपाबरोबर चरतेही, आणि मग एका सकाळी उठत नाही. लोक म्हणतात, धसक्यानं मेली. धसका असतोच, पण लोकर बाजूला केली की मांडीवर सडलेली जखम सापडते.

मेंढी दुखणं लपवते. बोकडाला काही झालं तर तो गाव गोळा करतो, मेंढी मान खाली घालून उभी राहते. म्हणून हल्ल्यानंतर 'बरी दिसते' या शब्दांवर विसंबू नका.

मेंढीपालनासाठीच्या सरकारी राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेतला गट २० मेंढ्या आणि १ नर असा असतो. त्यातल्या चार गेल्या तर पाचवा हिस्सा भांडवल गेलं. दोनशे मेंढ्यांच्या वाड्याला जो घाव सोसतो, तो वीसवाल्याला सोसत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे.

पहिली पंधरा मिनिटं

कुत्री अजून तिथेच असतील तर काठी, बॅटरी आणि आरडाओरडा यांनी हाकला. तोंडात धरलेली मेंढी हातानं ओढू नका. कुत्रं सोडत नाही, मांस आणखी फाटतं आणि तुमच्या हाताला दात लागतो. कुत्री पळाली की त्यांच्या मागे शिवारभर धावू नका. एकानं दगड घेऊन बांधावर उभं राहावं, बाकीच्यांनी कळपाकडे वळावं.

सगळ्यात आधी कोपऱ्यात पडलेला ढीग मोकळा करा. घाबरलेली मेंढरं एकमेकांवर चढतात. जाळीच्या किंवा भिंतीच्या कोपऱ्यात तळाला सापडलेल्यांचा, विशेषतः कोकरांचा, दातही न लागता गुदमरून जीव जातो. वरची ओढून बाजूला करा, खालची मोकळी करा, श्वास बघा.

मग मोजणी. कमी भरली तर ऊस, ज्वारी, ओढ्याची कपार, चारी आणि कठडा नसलेली विहीर बघा. बिथरलेली मेंढी पुढे काय आहे ते बघत नाही. शोधायला शांतपणे जा, रोजची हाळी द्या. सापडलेलीला पळवत आणू नका. आधीच धाप लागलेली असते, त्यात पुन्हा धावली तर तिथेच कोसळते.

एवढं होईपर्यंत घरातल्या कुणीतरी १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री नंबर लावावा आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. किती जनावरं, किती गंभीर, गळ्याला किंवा पोटाला जखम आहे का, गाभण किती, एवढं सांगितलं तर डॉक्टर तयारीनं येतात. 'लवकर या' याचा उपयोग कमी.

वेगळ्या करायच्या मेंढ्या

डॉक्टर येईपर्यंत कळपाचे तीन भाग पाडा. पहिल्यात रक्त वाहतंय, धाप थांबत नाही, आतडं बाहेर आलंय किंवा उठताच येत नाही अशी. दुसऱ्यात चावा दिसतोय पण जनावर उभं आहे. तिसऱ्यात वरून काही दिसत नाही. तिसऱ्या भागाला सोडून देऊ नका, थोड्या वेळानं त्यातल्या प्रत्येकीला हात लावायचाय.

वाहतं रक्त असेल तर स्वच्छ सुती कापड घट्ट दाबून धरा आणि पाच-दहा मिनिटं उचलून बघू नका. सारखं उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. पायाला दोरी आवळून बांधायची सवय वाईट आहे. बांधून विसरलेला पाय नंतर कामातून जातो. पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात (एक लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे मीठ) स्वच्छ कापड भिजवून त्यावर गुंडाळा आणि तसंच धरून ठेवा.

पडलेली मेंढी कुशीवर राहू देऊ नका. पोटात वायू धरतो, फुगते आणि फुगूनच मरते. तिला छातीवर बसवा, दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्या किंवा भरलेली पोती लावा. हिरड्या आणि पापणीचा आतला भाग बघा. पांढरट पडला असेल, कान गार लागत असतील, तर ती शॉकमध्ये आहे. अंगावर पोतं किंवा घोंगडं टाका, आडोशाला ठेवा. तिला सलाईन लागतं आणि ते डॉक्टरांचं काम. तोंडातून गूळपाणी, चहा, काढा ओतू नका. मान धड न धरणारी मेंढी ते छातीत घेते आणि चावा सोसलेलं जनावर फुफ्फुसात पाणी जाऊन मरतं. उभी आहे, गिळतेय, तिच्यापुढे पाण्याची बादली ठेवा, तिची ती पिईल.

लोकरीतून हात फिरवणं

उजेडात एकेक मेंढी धरा आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही तळहात लोकरीच्या आत घालून फिरवा. कुत्रं बहुतेकदा मागून पकडतं. मांडी, गुडघ्यामागचा भाग, शेपटीचं मूळ आणि कास आधी. मग बरगडीमागची कूस, मग गळा आणि कानाखालचा भाग. जिथे लोकर ओली, चिकट किंवा गुठळी झालेली लागेल तिथे कातरीनं लोकर काढा. भोकाच्या चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा मोकळी करा. कातरलेली लोकर जखमेत पडणार नाही असं बघा, आधी भोकावर ओलं कापड ठेवलं की काम सोपं होतं.

वरून मटाराएवढं दिसणारं भोक आत तळहाताएवढं असू शकतं. कुत्रं चावा घेऊन झटका देतं, कातडी ताणते आणि खालचं मांस कातडीपासून सुटतं. कातडी पुन्हा जागेवर येते, घाण आत राहते. भोकाभोवतीची कातडी हलकेच उचलून बघा. पिशवीसारखी सुटलेली लागली तर ती मेंढी दुसऱ्या भागातून पहिल्या भागात.

गळ्याच्या जखमेतून श्वासागणिक बुडबुडे येत असतील, किंवा कातडीखाली हवा भरून गळा फुगत असेल, तर श्वासनळीला दात लागलाय. डॉक्टर आले की आधी तीच दाखवा.

धुणं, भरपूर धुणं

या सगळ्यात तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे साबण आणि पाणी. कपड्याचा साधा साबण चालतो. प्रत्येक चावा पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचा, हा रेबीजविरुद्धचा नियम माणसासाठी आहे तसाच जनावरासाठीही. मेंढरं आठ आणि माणसं दोन असली तर पंधरा मिनिटं म्हणजे चेष्टा वाटेल. तरीही रक्त थांबवून झालं की धुण्याइतकं दुसरं काही मोलाचं नाही, शेजाऱ्यांना हाक मारा. मात्र आतडं बाहेर आलेली जखम आणि बुडबुडे येणारी जखम धुऊ नका.

नळी नसेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडा आणि बाटली दाबून बारीक धार भोकाच्या आत सोडा. मोटारीच्या जोरकस धारेनं घाण आत जाते. फवारणीचा पंप तर आणूच नका. कितीही धुतला तरी औषधाचा अंश राहतो.

धुताना हातात रबरी मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. कुत्र्याची लाळ लोकरीवर असते आणि शेतकऱ्याच्या हाताला चिरा असतातच.

धुऊन झालं की पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून आत सोडा. हळद, चुना, तंबाखू, मिरची, रॉकेल, बॅटरीची भुकटी यातलं काही भरू नका. हळदीवर आपला जीव आहे हे खरं, पण भोकात कोंबलेली हळद तोंड बंद करते आणि आत पू साठतो. याच कारणानं चावा लगेच शिवायचा नसतो. टाके घालावेत असं फार वाटत असेल, तर ते डॉक्टरांनी ठरवावं. मोठी फाटलेली कातडी ते कधी सैल टाक्यांनी धरतात, पण निचऱ्याला वाट ठेवूनच.

डॉक्टर आले की काय मागायचं

प्रतिजैविक, वेदनाशामक, धनुर्वाताची लस आणि रेबीजची लस. या चारही गोष्टींची नावं घेऊन विचारा.

प्रतिजैविकाचा कोर्स डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण करायचा. वाड्यावरची माणसं स्वतः सुई टोचतात, त्यात गैर नाही, पण पहिल्या दोन दिवसांत मेंढी चरायला लागली की इंजेक्शन थांबतं. हेच घातक. मेंढीच्या वजनाप्रमाणे किती मिली आणि किती दिवस ते कागदावर लिहून घ्या.

वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम मागा. मेडिकलमधून माणसाचं डायक्लोफिनॅक आणून टोचू नका. जनावरांसाठी ते औषध २००६ पासून बंद आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची किडनी निकामी होते. देशातली गिधाडं अशीच संपत आली.

मेंढीला धनुर्वात लवकर होतो, आणि दाताची खोल, हवा न लागणारी जखम त्याला हवीच असते.

रेबीजबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, गावचीच कुत्री आहेत, त्यांना काही झालेलं नाही. दुसरा सगळी मेंढरं त्याच दिवशी कसायाला देऊन टाकतो. दोन्ही चूक. चावलेल्या प्रत्येक मेंढीला लसीचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी द्यायचे असतात, ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. काही डॉक्टर ९० व्या दिवशी आणखी एक सांगतात. सरकारी दवाखान्यात साठा नसेल तर तालुक्याच्या जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळते. बर्फात आणा, खिशात नको. खर्च होतो, पण मेंढीच्या किमतीपुढे परवडतो. तारखा भिंतीवर कोळशानं लिहा, मोबाइलमध्ये लिहिलेल्या विसरतात.

कुत्रं ओळखीचं असेल तर त्याला मारू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात, आणि पुढच्या डोसांबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. मारून टाकलं की ही संधी गेली. कानाला खाच असलेलं भटकं कुत्रं नसबंदी झालेलं असतं आणि त्या वेळी त्याला रेबीजची लस दिलेली असते. एवढ्यावर मेंढीचे डोस मात्र चुकवू नका.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला दात लागला, ओरखडा आला, किंवा चिरलेल्या हाताला लाळ लागली, तर हात साबणानं धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. लस तिथे फुकट मिळते. मेंढ्यांच्या धावपळीत माणूस राहून जातो.

चावलेल्या मेंढीचं दूध उकळल्याशिवाय पोरांना देऊ नका. मेलेली कापून खाऊ नका, गावात वाटूही नका.

गाभण आणि लेकुरवाळ्या

यांना वेगळं बसवा. शेवटच्या महिन्यातली गाभण मेंढी हल्ल्यानंतर खाणं सोडते, आणि पोटात जुळी असतील तर नुसत्या उपाशी राहण्यानंच दोन-तीन दिवसांत आडवी होते. फलटणच्या निंबकर संस्थेच्या नारी सुवर्णासारख्या जुळी देणाऱ्या मेंढ्या असतील तर जास्तच सांभाळा. जागेवर हिरवा पाला, मूठभर भरडा, समोर पाणी. तरीही खात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

पुढचे दोन आठवडे गाभडण्याची भीती असते. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, खोल पुरा. कुत्र्यांना तो वास मिळाला की पुन्हा फेरी ठरलेली.

कासेला दात लागलेल्या मेंढीची कोकरं तिच्याखाली सोडू नका. आई गेलेल्या कोकरांना दुसऱ्या मेंढीखाली लावून बघा, मेलेल्या कोकराची आई असेल तर ती बहुधा घेते. नाहीतर शेळीचं कोमट दूध, दिवसाला वजनाच्या साधारण दहावा भाग, चार-पाच वेळा विभागून. नुकतंच जन्मलेलं असेल तर आधी चीक हवा, कुठल्याही ताज्या व्यालेल्या मेंढीचा किंवा शेळीचा.

मेलेली मेंढी लगेच पुरू नका

आधी फोटो. पूर्ण जनावर, जखमा जवळून, कानातला बिल्ला नंबर वाचता येईल असा, जागा, जमिनीवरचे ठसे, तुटलेली जाळी. मग फोन. कुणाला, ते हल्ला कुणी केला यावर ठरतं, आणि इथे फार लोकांचा हक्क हुकतो.

वन विभाग लांडगा, बिबट्या, तरस, कोल्हा आणि रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा यांच्या हल्ल्याची भरपाई देतो. गावच्या किंवा भटक्या कुत्र्याची देत नाही. तेव्हा कुणी मारलं हे नीट बघायला हवं. कुत्री अनेक जनावरं फाडतात, मागून, कान-शेपटीही ओरबाडतात आणि बरीचशी न खाता टाकून जातात. बिबट्या गळा धरतो, एखादंच नेतो आणि ओढत झुडपात लपवतो. त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. लांडगा आणि कुत्रा यांचे ठसे मात्र जाणकारालाही फसवतात. लांडगा बहुधा कोकरू किंवा एखादी मेंढी उचलून लांब नेतो. शंका असेल तर ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवा, हेल्पलाइन १९२६ आहे, आणि पंचनामा होईपर्यंत मेंढी जागेवरून हलवू नका. ऊन असेल तर वर पोतं झाका. कुत्र्यानं मारलेली माहीत असताना बिबट्या सांगू नका. पंचनाम्याला येणारा वनरक्षक रोज ठसे बघतो.

विमा असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. दाव्याला पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल, फोटो आणि कानातला बिल्ला लागतो. बिल्ला कानासकट जपून ठेवा. बिल्ला पडलेली मेंढी विम्याच्या हिशेबात नसल्यासारखीच, म्हणून पडलेले बिल्ले वेळच्या वेळी बदलून घ्यावेत. विमा नसेल तर पुढच्या खेपेसाठी पशुसंवर्धन विभागात विचारा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ च्या बदलानंतर शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्के आहे.

कुत्रं कुणाचं पाळलेलं असेल तर पोलीस पाटील आणि सरपंचासमोर लेखी नोंद करा, पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. गावकीत समजुतीनं भरपाई मिटते तीच बहुधा हातात पडते, पण हातात कागद असला की समजूत लवकर येते.

सगळं झालं की विहीर-ओढ्यापासून लांब पुरुषभर खोल खड्डा, चुना, वर माती आणि त्यावर काटेरी फांद्या. ओढ्यात टाकलेली मेंढी म्हणजे त्याच कुत्र्यांना दिलेलं आमंत्रण.

पुढचे तीस दिवस

रोज सकाळी सोडण्याआधी प्रत्येक चावलेल्या मेंढीची जखम बघा, धुवा, आयोडीन लावा. ताप मोजायला साधा थर्मामीटर गुदद्वारात लावा. १०४ फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरांना फोन. मात्र उन्हात चालून आलेल्या मेंढीचं मोजू नका, चुकीचं दाखवतं.

पहिल्या तीन-चार दिवसांत जखमेभोवती सूज, दाबलं की कातडीखाली चरचर आणि कुबट वास आला तर तो वायू धरणारा सडका रोग आहे. तासही महत्त्वाचा असतो. चौथ्या दिवसापासून तीन आठवड्यांपर्यंत कान ताठ, पाय लाकडासारखे, जबडा उघडत नाही, अशी दिसली तर धनुर्वात. माशांच्या दिवसांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अळ्या पडतात. मेंढी त्या जागेकडे सारखं वळून बघते, पाय आपटते, शेपटी हलवते. अळ्या चिमट्यानं काढा, आत टर्पेंटाईनचा बोळा थोडा वेळ ठेवून उरलेल्या बाहेर काढा, धुवा आणि कडेला करंजतेलात कापूर मिसळून लावा, म्हणजे माशी बसत नाही.

पुढच्या काही महिन्यांत एखादी मेंढी लाळ गाळू लागली, आवाज बदलला, मागचे पाय लुळे पडले, दुसऱ्यांवर धावू लागली, तर तोंडात हात घालून 'काय अडकलंय' ते बघू नका. बांधून वेगळी करा आणि डॉक्टरांना बोलवा.

ती कुत्री परत येतात

एकदा मेंढी पकडायला शिकलेली टोळी त्याच जागी पुन्हा येते, बऱ्याचदा त्याच आठवड्यात. पहिल्या काही रात्री जागता पहारा ठेवा, जमलं तर बसण्याची जागाच बदला. वाघूर, म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी, कंबरेएवढी असेल तर कुत्रं उडी मारतं, आणि ढिली असेल तर खालून घुसतं. एका जागी राहणाऱ्या छोट्या कळपाला पाच-सहा फूट उंचीची जाळी, खाली वीतभर जमिनीत पुरलेली, आणि बाहेरून बाभळीच्या फांद्या, एवढं केलंत तर बहुतेक टोळ्या वळतात. कोकरं डालग्याखाली झाका आणि डालग्यावर दगड ठेवा. कुंपणाला हलका झटका देणारं सौर झटका मशीन चालतं. घरच्या लाइटची तार कुंपणाला जोडू नका, त्यात माणसं मरतात आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

राखणीचं कुत्रं एकच असेल तर टोळीपुढे टिकत नाही. दोन ठेवा, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घाला, आणि दरवर्षी रेबीजची लस द्या. वाड्यावरच्या कुत्र्यांची लस राहून जाते, आणि टोळीशी आधी भिडतात तीच.

विष घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय पहिलं बळी जातं ते तुमचंच राखणीचं कुत्रं. गावच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत वाचून दाखवा. त्या अर्जात एक ओळ हमखास लिहा: गावाजवळ मेलेल्या कोंबड्या आणि कत्तलीचा कचरा कोण, कुठे टाकतं. ठिकाणाचा फोटो जोडा. टोळ्या तिथेच पोसल्या जातात, आणि तो उकिरडा बंद करायला नसबंदीसारखी वर्षं लागत नाहीत, पंचायतीची एक नोटीस आणि एक जेसीबी पुरतो.